नोटरीची फी कायद्याने ठरलेली आहे. मग पावती का मिळत नाही?

रत्नागिरी : प्रत्येक घरात कागदपत्रांची एक पिशवी असते. कुणाकडे ती कपाटाच्या वरच्या खणात, कुणाकडे बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात. रेशन कार्ड, शाळा सोडल्याचे दाखले, सातबाऱ्याचे उतारे, निकाहनामा, जुने पासपोर्ट असं सगळं त्यात असतं. आज थोडा वेळ काढून ती पिशवी उघडा आणि आत नोटरीचा लाल गोल शिक्का असलेले किती कागद निघतात ते मोजा. "मी आणि अमुक नावाची व्यक्ती एकच आहे", "माझ्या मुलाचं नाव दाखल्यावर चुकीचं लागलं आहे", "आम्ही सर्व वारस खालीलप्रमाणे आहोत" अशी चार-पाच शपथपत्रं तरी निघतीलच. आता दुसरी गोष्ट शोधा. त्या शिक्क्यासाठी नोटरीला जे पैसे दिले, त्याची पावती.

बहुतेक घरांत अशी एकही पावती सापडणार नाही.

ही साधी गोष्ट वाटते, पण आपल्या कोर्ट-कचेरीतल्या खर्चाचं सगळं गणित या न मिळालेल्या पावतीत दडलं आहे. नोटरीने किती फी घ्यायची हे बाजारावर सोडलेलं नाही. त्याची कमाल मर्यादा केंद्र सरकारच्या नियमांत लिहिलेली आहे. तरीही रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न असतो, "साहेब, किती होतील?" आणि समोरून जो आकडा येतो, तो आपण गुपचूप देतो. गरज आपली असते, पाठीमागे रांग असते आणि त्याच दिवशी तहसीलची खिडकी बंद व्हायच्या आत कागद द्यायचा असतो.

कायदा काय म्हणतो?

भारतात नोटरींसाठी १९५२ चा नोटरी कायदा आहे आणि त्याखाली १९५६ चे नोटरी नियम आहेत. नोटरी म्हणजे सरकारने नेमलेला अनुभवी वकील. सर्वसाधारण प्रवर्गातल्या वकिलाला किमान दहा वर्षांची वकिली झाल्याशिवाय नोटरी होता येत नाही. ही नेमणूक केंद्र सरकार करू शकतं आणि राज्य सरकारही करू शकतं. २०२४ मध्ये केंद्राने महाराष्ट्रातल्या हजारो वकिलांची नोटरी म्हणून निवड जाहीर केली, त्यामुळे आता तालुक्याच्या गावातही नोटरी मिळणं अवघड राहिलेलं नाही.

या नियमांतला दहावा नियम फीबद्दल आहे. कोणत्या कामाला जास्तीत जास्त किती पैसे घेता येतील, याचा तक्ता त्यात दिला आहे. शपथ देऊन शपथपत्र करून घेणं, दस्तावर साक्षांकन करणं, मूळ कागदाशी ताडून खरी प्रत म्हणून सही करणं, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत भाषांतर करून ते प्रमाणित करणं, परदेशात वापरायचा दस्त तयार करणं, या प्रत्येकाचा वेगळा दर आहे. शपथपत्राचा दर आजही शंभर रुपयांच्या आतला आहे. नोटरीला कामासाठी आपल्या कार्यालयाबाहेर जावं लागलं, तर प्रवासभत्ता वेगळा घेता येतो. तोही किलोमीटरमागे ठरलेला असतो.

याच नियमात पुढे एक ओळ आहे आणि सामान्य माणसासाठी तीच सगळ्यात उपयोगाची आहे. फीचे दर नोटरीने आपल्या कार्यालयाच्या आत आणि बाहेरही सहज दिसतील अशा ठिकाणी लावले पाहिजेत. आत आणि बाहेर, दोन्हीकडे. सरकार दर वेळोवेळी बदलत असतं, म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणारा जुना तक्ता दाखवून भांडण्यात अर्थ नाही. ज्या नोटरीकडे जाल त्याच्या भिंतीवरची पाटी वाचायची. ती दिसली नाही तर "दरांची पाटी कुठे आहे?" एवढंच शांतपणे विचारायचं. हा उद्धटपणा होत नाही, हा आपला हक्क आहे.

आणि पावती? घेतलेल्या प्रत्येक फीची पावती देणं आणि फीची नोंदवही ठेवणं हेही नोटरीवर बंधनकारक आहे. शिवाय प्रत्येक कामाची नोंद एका वेगळ्या रजिस्टरमध्ये करावी लागते. आपण तिथे सही करतो, ती याच रजिस्टरमध्ये. सही करताना वरच्या ओळीत काय लिहिलंय, तारीख कुठली टाकली आहे, फीच्या रकान्यात आकडा आहे की तो कोराच आहे, हे पाहायला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. आपल्यापैकी किती जण पाहतात?

एका बिलात चार बिलं

इथे नोटरीवर सरसकट आरोप करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आपण जे "नोटरीचे पैसे" म्हणून देतो, ते सगळे नोटरीच्या खिशात जात नाहीत. त्या एका आकड्यात साधारण चार गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली स्टॅम्प पेपर किंवा तिकिटांचा खर्च. दुसरी मजकूर तयार करणं आणि टायपिंग. तिसरी नोटरीची स्वतःची फी. आणि चौथी, आपल्याला बाहेरून हात धरून आत नेणाऱ्या माणसाचा हिस्सा.

कायद्याची मर्यादा यातल्या फक्त तिसऱ्या गोष्टीला आहे. टायपिंगवाला किती घेईल, हे नोटरी नियमांत लिहिलेलं नाही. वकिलाने तुमच्यासाठी चार पानी मजकूर अक्कल लावून लिहून दिला, तर त्या कामाची फी तो वेगळी मागू शकतो. तक्रार तिथे नाहीच. तक्रार अशी आहे की हे चार हिशेब एकत्र करून एकच आकडा सांगितला जातो आणि मग मर्यादा पाळली की मोडली, हे कुणालाच कळत नाही. किराणा दुकानात तांदूळ, तेल आणि साबण मिळून "सहाशे द्या" असं म्हटलं तर आपण लगेच चिठ्ठी मागतो. कोर्टाच्या आवारात मात्र आपली जीभ टाळूला चिकटते.

यातला स्टॅम्पचा भाग तर अनेकदा लागतच नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान मुद्रांक शुल्क शंभरवरून पाचशे रुपये झालं आणि "आता साध्या ॲफिडेव्हिटलाही पाचशेचा स्टॅम्प" असा बोभाटा झाला. वस्तुस्थिती वेगळी आहे. सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात सादर करायच्या शपथपत्रांवरचं मुद्रांक शुल्क राज्य सरकारने २००४ मध्येच माफ केलेलं आहे. लोकांची लूट होते अशा तक्रारी आल्यावर मार्च २०२५ मध्ये महसूल मंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी पुन्हा तेच जाहीर केलं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमीलेअर, राष्ट्रीयत्व यांसाठीचं शपथपत्र साध्या कागदावर चालतं. बँक, खासगी कंपनी किंवा दोन माणसांतला खासगी व्यवहार असेल तर गोष्ट निराळी, तिथे स्टॅम्प लागू शकतो. पण मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढताना कुणी पाचशेचा स्टॅम्प आणायला सांगितला, तर थांबा आणि विचारा. दहावी-बारावीचे निकाल लागल्यावर मिरकरवाडा, राजिवड्यातली किती तरी घरं एकाच आठवड्यात दोन-तीन दाखल्यांसाठी धावत असतात. दिवसाच्या मासेमारीवर घर चालवणाऱ्या माणसाला पाचशे रुपये ही किरकोळ रक्कम नसते.

नोटरीचीही बाजू आहे

आपल्याच समाजातले अनेक वकील नोटरी म्हणून काम करतात. त्यांच्याशी बोललं की ते एक प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. शंभर रुपयांच्या आतल्या फीत कार्यालयाचं भाडं, कारकून, रजिस्टर, शिक्का हे सगळं कसं भागवायचं? शिवाय जबाबदारी मोठी. समोरचा माणूस खरंच तोच आहे का, त्याने मजकूर समजून घेतलाय का, तो स्वखुशीने सही करतोय का, हे पाहायचं. उद्या त्या कागदावरून वाद झाला तर कोर्टात साक्षीला उभं राहायचं. एवढ्या कामाची किंमत एका वडापावच्या गाडीवरच्या बिलाएवढी?

या म्हणण्यात तथ्य आहे. दर वास्तवाशी जुळत नाही आणि कुणी तपासतही नाही, तेव्हा दोन गोष्टी घडतात. एक, जवळजवळ सगळेच मर्यादेबाहेर जातात आणि मग शंभर जास्त घेणारा आणि हजार जास्त घेणारा यांच्यातला फरक पुसला जातो. दुसरी गोष्ट जास्त वाईट. कमी दराची भरपाई संख्येने केली जाते. माणूस समोर नसतानाही शिक्का बसतो, मजकूर वाचून दाखवला जात नाही, शपथ दिलीच जात नाही. "सही इथे, इथे आणि इथे" एवढ्यावर काम संपतं. ज्या कामासाठी कायद्याने दहा वर्षांच्या अनुभवाचा वकील मागितला, ते काम शिक्का मारणाऱ्या पोऱ्याच्या हातात जातं.

त्यामुळे मागणी दुहेरी हवी. सरकारने दर ठरावीक काळाने महागाईप्रमाणे वाढवावेत, आणि वाढवलेले दर पाटीवर, पावतीवर आणि रजिस्टरमध्ये काटेकोर पाळले जावेत. रास्त फी द्यायला कुणाची ना नाही. आपल्या दीनमध्येही व्यवहाराच्या लिखापढीला केवढं महत्त्व आहे ते आपण जाणतो. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराहमधली २८२ वी, देण्याघेण्याच्या लिखाणाबद्दलच आहे. लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं आणि लिहिणाऱ्याला व गवाहाला त्रास होऊ नये, अशी दोन्ही बाजूंची काळजी तिच्यात घेतलेली आहे. आपल्याला नेमका हाच तोल हवा आहे.

मुळात ते शपथपत्र लागतं का?

फीपेक्षाही मोठा खर्च आहे तो गरज नसलेल्या शपथपत्रांचा. मर्यादेत फी घेतली तरी न लागणाऱ्या कागदावर दिलेला रुपया वायाच जातो. गेल्या काही वर्षांत कितीतरी ठिकाणी नोटरीची अट काढून टाकलेली आहे, पण ही बातमी मोहल्ल्यापर्यंत पोहोचलेली नाही.

पहिलं उदाहरण पासपोर्टचं. कोकणातल्या मुस्लिम घरांत पासपोर्ट म्हणजे रोजीरोटी. कुवेत, दुबई, सौदी, कतार यांच्याशिवाय आपल्या गावांचा हिशेबच पुरा होत नाही. परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्येच जाहीर केलं की पासपोर्ट अर्जासोबतची सगळी परिशिष्टं साध्या कागदावर स्वयंघोषणा म्हणून द्यायची आहेत. नोटरी किंवा मॅजिस्ट्रेटपुढे शपथ घेण्याची गरज नाही. तरीही पासपोर्टची फाइल करून देतो म्हणणारे काही एजंट आजही त्यावर नोटरीचा शिक्का मारून आणतात आणि पैसे लावतात.

दुसरं उदाहरण जन्मनोंदीचं. जन्म झाल्यावर तीस दिवस उलटून गेले, पण वर्ष व्हायचं आहे, अशा उशिरा होणाऱ्या नोंदीसाठी पूर्वी नोटरीपुढचं शपथपत्र लागायचं. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्या शपथपत्राच्या जागी स्वतः साक्षांकित केलेला कागद आला. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही दुरुस्ती लागू आहे.

तिसरं उदाहरण राज्याचं. महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने ९ मार्च २०१५ रोजी शासन निर्णय काढून शपथपत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतींऐवजी स्वतः सही केलेल्या प्रती घ्याव्यात असं सांगितलं. एखाद्या कायद्याने किंवा नियमाने शपथपत्र सक्तीचंच केलेलं असेल तिथे ते द्यावं लागतं. न्यायालयातलं काम आणि जात पडताळणी ही त्याची उदाहरणं. बाकी ठिकाणी खिडकीवरचा माणूस "ॲफिडेव्हिट आणा" म्हणाला तर "कुठल्या नियमाप्रमाणे? स्वयंघोषणापत्र चालणार नाही का?" असं आदबीने विचारून बघा. अनेकदा तो स्वतःच म्हणतो, "बरं, द्या."

एक लक्षात ठेवायचं. स्वयंघोषणापत्र फुकट आहे म्हणजे हलकं नाही. त्यात खोटं लिहिलं तर गुन्हा होतो आणि मिळालेला फायदा काढून घेतला जातो.

भीतीने केलेले कागद

आता मनातल्या खऱ्या गोष्टीकडे येऊ. आपल्या घरांत शपथपत्रांचा ढीग का साठतो? निम्मं कारण नावात आहे आणि निम्मं भीतीत.

आपली नावं अरबी-उर्दू वळणाची. मराठी शाळेतल्या गुरुजींनी कानाला ऐकू आलं तसं लिहिलं, पासपोर्टवर एजंटने इंग्रजी स्पेलिंग आपल्या मनाने टाकलं, रेशन कार्डावर आडनाव गळलं, आधारवर वडिलांचं नाव मधे आलं. काझी एका कागदावर एका स्पेलिंगने, दुसऱ्यावर दुसऱ्या. सय्यदची तर चार-पाच रूपं. बाईचं माहेरचं नाव, निकाहनंतरचं नाव आणि घरात हाक मारायचं नाव अशी तीन नावं तीन कागदांवर. चिपळूणसारख्या ठिकाणी २२ जुलै २०२१ च्या पुरात ज्यांच्या पेट्याच्या पेट्या भिजल्या, त्यांना तर सगळं पुन्हा उभं करावं लागलं.

त्यात गेल्या काही वर्षांतलं वातावरण. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसामच्या नागरिक नोंदवहीची अंतिम यादी आली आणि एकोणीस लाखांहून जास्त माणसं बाहेर राहिली. नावाच्या एका अक्षराने काय होऊ शकतं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. २०२५ मध्ये बिहारच्या मतदार यादीची फेरतपासणी गाजली. आपल्या राज्यात २०२५ च्या सुरुवातीला मालेगावसारख्या ठिकाणच्या उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांवरून आरोप झाले, चौकशी बसली, असे दाखले देणं थांबवलं गेलं आणि मार्च २०२५ मध्ये त्यासाठी नवी, जास्त कडक पद्धत आली. एवढं ऐकल्यावर घरातली वडीलधारी मंडळी म्हणणारच, "जा, एक ॲफिडेव्हिट करून ठेव, कधी तरी उपयोगी पडेल."

भीती समजण्यासारखी आहे, पण उपाय चुकतो आहे. शपथपत्र म्हणजे तुम्ही स्वतः स्वतःबद्दल शपथेवर केलेलं विधान. नोटरीच्या शिक्क्याने एवढंच सिद्ध होतं की हे विधान तुम्ही अमुक तारखेला केलं. त्यातला मजकूर खरा आहे असं नोटरी सांगत नाही. जन्मतारखेचा पुरावा जन्मनोंद आहे, शाळेचं जनरल रजिस्टर आहे. शपथपत्र त्यांची जागा घेऊ शकत नाही. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल आणि नोंदच नसेल, तर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. त्याला पर्याय म्हणून शपथपत्र चालत नाही.

उलट, कधी कधी असा ढीगच अंगावर येतो. पाच वर्षांपूर्वी एका एजंटने एका मजकुराचं शपथपत्र करून दिलं, परवा दुसऱ्याने दुसऱ्या मजकुराचं. दोन्हींत वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. तपासणारा अधिकारी दोन्ही समोर ठेवतो आणि विचारतो, यातलं खरं कुठलं? म्हणून पैसा आणि वेळ मुळाशी घालावा. मूल शाळेत असतानाच, दाखला हातात पडण्याआधी, रजिस्टरमधलं नाव दुरुस्त करून घ्यावं. जन्मनोंदीतली चूक नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या निबंधकाकडे अर्ज करून सुधारावी. घरात बसून एक स्पेलिंग ठरवावं आणि आधारपासून बँकेपर्यंत सगळीकडे तेच करत न्यावं. हे काम कंटाळवाणं आहे, महिनोन्महिने चालतं. पण एकदा झालं की शपथपत्राची गरजच संपते.

नोटरी जे करू शकत नाही

काही व्यवहारांत नोटरीची फी कितीही कमी घेतली तरी ती महागच पडते, कारण त्या कागदाने काम होतच नाही.

जमीन किंवा घराची विक्री नोटरी केलेल्या साठेखताने किंवा "नोटरी खरेदीने" पूर्ण होत नाही. शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखतानेच होते. कुलमुखत्यारपत्र आणि करारनामा एवढ्यावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. भाड्याचा करारही महाराष्ट्रात नोंदवणं बंधनकारक आहे. नोटरी केलेला भाडेकरार वादाच्या वेळी हातात बळ देत नाही.

निकाह आणि तलाक यांचंही तसंच. कुणी नोटरीकडे जाऊन "विवाहाचं शपथपत्र" किंवा "तलाकनामा" करून आणतं आणि त्याला वाटतं काम झालं. केंद्रीय विधी मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून सगळ्या नोटरींना बजावलं की त्यांना विवाह किंवा घटस्फोट लावून देण्याचा अधिकार नाही आणि तसे कागद करणं हे गैरवर्तन आहे. आपल्या बहिणी-मुलींच्या आयुष्याचा प्रश्न अशा कागदावर सोडू नये. निकाहची नोंद काझींच्या रजिस्टरमध्ये नीट करावी, विवाह नोंदणी करून घ्यावी. वेगळं व्हायची वेळ आलीच तर जमातीतले जाणकार आणि वकील दोघांनाही बसवून रीतसर मार्ग घ्यावा.

आखातातून येणाऱ्या कुलमुखत्यारपत्राबद्दलही घोटाळा होतो. भाऊ कुवेतला आणि जमिनीचं काम इथे, तर त्याने तिथल्या भारतीय दूतावासात सही करून पाठवलेलं मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत निसटली की दंडाचा घोळ होतो. त्याच्या गैरहजेरीत त्याच्या नावाने इथे सही करून नोटरी करणं तर सरळ फसवणूक आहे, मग घरातलीच माणसं का असेनात.

मग करायचं काय?

पहिलं, विचारायला सुरुवात करायची. "दरांची पाटी कुठे आहे?", "टायपिंगचे किती, नोटरीचे किती?", "पावती द्या." ही तीन वाक्यं पाठ करा. मुलगा-मुलगी बरोबर असेल तर त्यांना बोलू द्या, शिकलेली पोरं संकोच करत नाहीत.

दुसरं, शिक्का नीट पाहा. नोटरीच्या गोल शिक्क्यावर त्याचं नाव, कुठल्या क्षेत्रासाठी नेमणूक आहे ते, नोंदणी क्रमांक आणि नेमणूक कुठल्या सरकारने केली हे असावं लागतं. यावरून तक्रार कुठे करायची तेही कळतं. राज्याने नेमलेल्या नोटरीबद्दल मंत्रालयातल्या विधी व न्याय विभागाकडे, केंद्राने नेमलेल्या नोटरीबद्दल दिल्लीतल्या विधी कार्य विभागाकडे. नियमांत तक्रारीचा ठरलेला नमुना आहे. चौकशीत गैरवर्तन सिद्ध झालं तर सरकार त्या वकिलाचं नाव नोटरींच्या यादीतून काढू शकतं. नेमणूक नसताना नोटरी असल्याचं भासवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण तक्रारीला कागद लागतो, म्हणूनच पावती महत्त्वाची. पावती नाकारली तर तारीख, वेळ, ठिकाण आणि दिलेली रक्कम त्याच दिवशी लिहून ठेवा. पैसे मोबाइलवरून दिले असतील तर त्याची नोंद जपा.

तिसरं, प्रत्येक शपथपत्रासाठी नोटरीच लागतो असं नाही. तहसीलमध्ये कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढेही ते करता येतं. कायदेशीर सल्ल्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत मदत मिळू शकते. आपल्या किती आया-बहिणींना हे माहीत आहे? ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरीची उच्च न्यायालयातली कामं मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाऊ लागली आहेत. न्यायाचं दार थोडं जवळ आलं आहे, तर त्या दाराची रीतही आपल्याला माहीत हवी.

चौथं काम जमातींचं. जिल्ह्यात जवळजवळ प्रत्येक गावात जमात आहे, मस्जिदीत नोटीस बोर्ड आहे. तिथे चंद्याच्या यादीशेजारी एक कागद लागला पाहिजे. नोटरीचे चालू दर, कुठल्या कामाला स्वयंघोषणापत्र चालतं आणि कुठल्या शपथपत्राला स्टॅम्प लागत नाही, एवढंच त्यावर. महिन्यातून एका जुम्याला नमाजनंतर तासभर गावातला एखादा वकील आणि लॅपटॉप घेऊन दोन कॉलेजची पोरं बसली, तर निम्म्या घरांचे हेलपाटे वाचतील. यात बायकांसाठी वेगळी वेळ ठेवायला विसरू नये, कारण दाखल्यांसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्यांत आता त्याच जास्त असतात. घरचे पुरुष बोटीवर किंवा परदेशात असतात.

समजा एका घराने वर्षात न लागणारी दोन शपथपत्रं टाळली आणि एक पाचशेचा स्टॅम्प वाचवला. ती रक्कम मोठी नाही, पण एका मुलाच्या वह्या-पुस्तकांना ती पुरते. आणि पैशापलीकडे एक गोष्ट मिळते. खिडकीपुढे उभं राहताना मान खाली घालायची सवय सुटते.

ती पिशवी पुन्हा ठेवण्याआधी एक रिकामा लिफाफा घ्या, त्यावर "पावत्या" असं लिहा आणि आत ठेवा. पुढच्या वेळी कोर्टाच्या आवारातून येताना त्यात काहीतरी पडलं पाहिजे.